मंडळीत (चर्चमध्ये) नवीन आहात? आधी एका आजींशी ओळख करा

सगळ्यांशी एकदम ओळख वाढवू नका. सुरुवातीला एकच वडीलधारी व्यक्ती पुरे. रविवारी उपासना संपली की लगेच गाडी काढू नका. दहा मिनिटं थांबा, सलाम करून शेजारी बसा.

- पहिल्याच भेटीत सल्ला मागू नका. प्रार्थनेचा विषय विचारा, वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी आठवणीनं त्याची चौकशी करा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात, आणि मग ओळख सलामापुरतीच राहते.
- घरी जायचं तर फोन करून, पाचनंतर, अर्धा तासच.
- नुसती मदत करू नका, आपली काळजीही सांगा. बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाची आठवण काढताना आधी आजी लोईसचं नाव घेतलं.

बोलणं अडलं तर जुन्या कोल्हापूरच्या मंडळीबद्दल विचारा. वाइल्डर मिशनरी इथं १८५२ साली आले. पुढचं पुष्कळसं आजींनी घरीच ऐकलेलं असतं.