आवडीच्या रकान्यात काय लिहू?

आदरणीय ताई,
मी कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्याच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. विषय गणित. उन्हाळ्यात होणाऱ्या गणिताच्या एका निवासी शिबिराचा फॉर्म भरायला घेतला आणि दोन प्रश्नांवर अडकले. ‘तुमचे आवडते विषय कोणते आणि का?’ आणि ‘तुमचे छंद?’ मला ग्रुप थिअरी आवडते, पण तिच्यात मला ५२ मार्क आहेत. स्टॅटिस्टिक्समध्ये ८१ आहेत, पण परीक्षा संपली की तो विषय मला आठवतही नाही. मैत्रीण म्हणते, ५२ मार्कांचा विषय आवडता म्हणून लिहिलास तर हसतील. छंद म्हणाल तर मी तबला शिकते, मध्यमा पूर्ण झाली आहे. थंडीत बाबांबरोबर ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाते. दादा म्हणतो, यातलं काही लिहू नकोस. बुद्धिबळ, सुडोकू, कोडिंग लिही, गणितवाल्यांना तेच पटतं. आई म्हणते, या वर्षी तबला बंद, विशारदचं नंतर बघू. सगळ्यांचं ऐकून आता मलाच कळेनासं झालंय की मला खरंच काय आवडतं. मागच्या महिन्यात ए-फोर नावाच्या ग्रुपमध्ये सहा घटकांचा सबग्रुप का नाही, यावर मी जर्नल बाजूला ठेवून दोन दिवस घालवले. हे आवडणं म्हणायचं की वेळ घालवणं?
– कोपरखैरण्याची एक

प्रिय मुली,

ए-फोरपासूनच सुरुवात करू या, कारण पत्रातली बाकीची वाक्यं तू दादाचं, आईचं, मैत्रिणीचं ऐकून लिहिली आहेस आणि हे एकच वाक्य निव्वळ तुझं आहे. पत्राच्या मागच्या पानावर तू त्या ग्रुपचे बाराही घटक मांडले आहेस आणि त्यातल्या आठ थ्री-सायकलना, म्हणजे तीन वस्तू गोल फिरून जागा बदलतात अशा रीतींना, लाल पेनाने खूण केली आहेस. ते पान मी बराच वेळ बघत बसले. ठाण्यात इतकी वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे अशा पानाची किंमत मला कळते.

ज्यांनी हा विषय पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार वस्तूंची जागा आपापसात बदलायच्या २४ रीती होतात. त्यांतल्या सम रीती, म्हणजे दोन वस्तूंची अदलाबदल सम वेळा करून मिळणाऱ्या, १२. त्या एकामागून एक केल्या तरी याच बारांत राहतो, म्हणून त्यांचा ग्रुप होतो, तोच ए-फोर. त्याच्या आतला असाच लहान ग्रुप म्हणजे सबग्रुप. लाग्रांजचं प्रमेय सांगतं की सबग्रुपमधल्या घटकांच्या संख्येने मूळ ग्रुपच्या संख्येला भाग जायलाच हवा. सहाने बाराला भाग जातो. मग सहा घटकांचा सबग्रुप असणारच, असं कुणालाही वाटेल. पण तो नसतो. का नसतो, ते या मुलीने लाल खुणांनी दाखवलंय. बरोबर अर्धा ग्रुप व्यापणारा सबग्रुप असला, तर ग्रुपमधल्या प्रत्येक घटकाचा वर्ग, म्हणजे तीच रीत दोनदा केली की मिळणारी रीत, त्यात यावाच लागतो. थ्री-सायकल तर प्रत्येकच कुठल्या ना कुठल्या थ्री-सायकलचा वर्ग असते. म्हणजे आठही जणी त्या सबग्रुपमध्ये राहायला येणार, आणि खोल्या सहाच.

हा युक्तिवाद पुस्तकांत असतो, नाही असं नाही. पण तू तो पुस्तकातून उतरवलेला नाहीस, हे तुझ्या खाडाखोडीवरून दिसतं. आधी तू सहा-सहा घटक निवडून बघितलेस, दोन-तीनदा फसलीस, आणि मग वर्गांकडे वळलीस. सक्ती नसताना, मार्क मिळणार नसताना आणि जर्नल डोक्यावर असताना तू हे केलंस. तू विचारतेस हे आवडणं की वेळ घालवणं. बाई गं, विषय आवडणं दुसरं काय असतं?

आपल्याच भागातलं एक उदाहरण देते. द. रा. कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्यात झाली. पुढे बी.एस्सी. झाले आणि देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. एम.एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही. आकड्यांशी खेळत बसायचे. त्यांनी काही संख्यांना ‘डेमलो संख्या’ असं नाव दिलं. ते नाव डोंबिवली स्टेशनवरून आलं, कारण त्या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. आणि ६१७४ तर तुला माहीतच असेल. सगळे अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच करायचं. ३५२४ घेतलीस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४च. त्या काळी अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. तोवर कापरेकर आपल्या आवडीत बुडालेलेच होते.

आता त्या ५२ मार्कांबद्दल. ते लपवू नकोस, आणि त्यांचं समर्थनही करू नकोस. आपल्याकडची परीक्षा ठरलेल्या वेळात ठरलेल्या सिद्धता नीट लिहून दाखवायला सांगते. तुला त्या समजतात. लिहिताना तुझा हात अडखळतो. लाग्रांजची सिद्धता येत असूनही पेपरात अर्धी राहिली, असं तू त्याच मागच्या पानावर जाता जाता लिहिलं आहेस. हे दुरुस्त होण्यासारखं आहे आणि ते तुलाच करायचं आहे. रोज एक सिद्धता घे, पुस्तक मिट, कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिही. ‘हे उघड आहे’ असं वाटेल तिथे थांब आणि ते का उघड आहे तेही लिही. कोसेट, म्हणजे सबग्रुपमुळे ग्रुपचे पडणारे सारखे तुकडे, एकमेकांत मिसळत नाहीत, हे नुसतं म्हणायचं नाही, दाखवायचं. महिनाभरात फरक पडेल. नुसती आवड आहे म्हणून कुणी सूट देत नाही, आणि देऊही नये. आवडत्या विषयात तरी कष्टाला मागे राहायचं नाही.

स्टॅटिस्टिक्सलाही मी नावं ठेवणार नाही. ८१ मार्क तुझ्या मेहनतीचे आहेत, उद्या नोकरीला उपयोगी पडतील. पण फॉर्ममध्ये विचारलंय ‘आवडता’. तिथे ८१ बघून स्टॅटिस्टिक्स लिहिलंस आणि मुलाखतीत समोरच्याने विचारलं, ‘त्यात विशेष काय आवडलं?’ तर तू काय सांगशील?

म्हणून त्या रकान्यात ग्रुप थिअरीच लिही. पण ‘मला गणितातलं सौंदर्य भावतं’, ‘अमूर्त विचारांची ओढ आहे’ अशी वाक्यं लिहू नकोस. निवड करणारे प्राध्यापक असली वाक्यं ढिगाने वाचतात आणि त्यातून त्यांना तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. तू ए-फोरची गोष्ट लिही. सहा-सात ओळी पुरेत: काय प्रश्न पडला, आधी काय करून पाहिलंस, कुठे फसलीस, मग काय सापडलं. शेवटी, अजून काय कळलेलं नाही तेही लिही. उदाहरणार्थ, लाग्रांजचं प्रमेय कुठल्या ग्रुपमध्ये उलट बाजूनेही खरं ठरतं? आबेलियन ग्रुपमध्ये, म्हणजे क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं तिथे, ठरतं, हे तुला ठाऊक आहे. त्यापलीकडे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. अशी ओळ वाचणाऱ्याला या मुलीशी बोलावंसं वाटेल. मी निवड समितीवर असते तर मला वाटलं असतं.

तू शिबिराचं नाव लिहिलं नाहीस. पण एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) सारख्या शिबिरासाठी अर्ज करत असशील, तर एक सांगते. प्रा. कुमरेसन यांनी ते १९९३ मध्ये सुरू केलं. ते बरीच वर्षं मुंबई विद्यापीठातच शिकवत होते. तिथे व्याख्यान ऐकून वही भरायची नसते. प्रश्न विचारत, मुलांकडूनच उत्तर काढत पुढे जायचं, अशी तिथली पद्धत आहे. जी मुलगी दोन दिवस एका प्रश्नाला चिकटून राहते, तिने तिथे जायलाच हवं.

आता छंद. दादाचा हेतू चांगला आहे, तुझी निवड व्हावी हीच त्याची इच्छा आहे. पण समज, तू बुद्धिबळ लिहिलंस आणि समोर बसलेल्या सरांना बुद्धिबळाचं वेड निघालं. त्यांनी विचारलं, ‘काळ्या मोहऱ्यांनी खेळताना काय खेळतेस?’ आणि तू गप्प. मग ग्रुप थिअरीबद्दल जे खरं लिहिलं आहेस, त्यावरही त्यांनी का विश्वास ठेवावा?

तबला लिही. फ्लेमिंगोही लिही. आणि ‘तबल्यामुळे माझं गणित सुधारलं’ असं शेपूट जोडू नकोस. ही सवय आजकाल सगळीकडे दिसते आणि मला ती मनापासून खटकते. मुलगा पोहायला लागला की ‘एकाग्रता वाढते’, मुलगी चित्रं काढायला लागली की ‘भूमिती पक्की होते’. त्या गोष्टीत मुलाला मजा येते, एवढं कारण कुणाला पुरत नाही. तू तबला वाजवतेस, कारण तिहाई, तीनदा वाजवलेला तोच बोल, बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली की अंगावर काटा येतो. तेवढं कारण पुरे.

तालात गणित आहे, हे तर खरंच. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबायचं, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच, अशा सतरा मात्रा झाल्या की शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर येतो. हा हिशोब तुझ्या बोटांना पाठ आहे. चार मात्रा एक-एक आणि दोन-दोनच्या तुकड्यांनी भरायच्या तर पाच रीती, पाच मात्रांना आठ, सहांना तेरा. छंदशास्त्रात विरहांकाने हे मांडलं, हेमचंद्राने बाराव्या शतकात, या संख्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ साली येण्याच्या आधी, पुन्हा सांगितलं. तुला कधी यात गोडी वाटली तर अवश्य शिर. पण फॉर्म सजवायला म्हणून हेमचंद्राला मधे आणू नकोस.

आईशी मात्र नीट बोलावं लागेल, आणि तिचं म्हणणं पूर्ण चूक नाही. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. एप्रिलचं सत्र तुझ्या सेमिस्टरवर येतं. पदवीचं शेवटचं सेमिस्टर आणि विशारद एकाच वेळी करून दोन्हींचा विचका होईल, ही भीती रास्त आहे. तेव्हा एप्रिलची विशारद सोड. आईला सांग, ‘तुझं पटलं, परीक्षा नोव्हेंबरात देते.’ पण रियाज सोडू नकोस. संध्याकाळी अर्धा तास, आणि आठवड्यातून एकदा गुरुजींकडे. परीक्षा पुढे ढकलता येते. पण हाताची सवय गेली की ती परत आणायला फार वेळ लागतो. तबला वाजवणाऱ्या मुलीला हे मी सांगायला नको, पण आईला सांगावं लागेल. आणि तिला मंजुल भार्गव यांच्याबद्दल सांग. २०१४ चं फील्ड्स मेडल, गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळवणारा हा गणितज्ञ तबला वाजवतो. पहिले धडे त्याने आईकडून घेतले, ती स्वतः गणिताची प्राध्यापक; पुढे झाकीर हुसेन यांच्याकडेही शिकला. तबला वाजवून तू फील्ड्स मेडल मिळवशील, असा याचा अर्थ नाही. पण दोन्ही एका घरात राहू शकतात, एवढं आईला पटेल.

आईची खरी काळजी वेगळी असावी: ग्रुप थिअरी करून पोट कसं भरणार? तिला नेमकी माहिती दे, नुसतं ‘होईल काहीतरी’ म्हणू नकोस. आयआयटीत एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही परीक्षा फेब्रुवारीत असते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतं. यातलं काही नाही जमलं तर ते ८१ मार्क आहेतच, डेटाचं काम असो की ॲक्चुअरीच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशोब करणाऱ्यांच्या, परीक्षा, दारं बंद होत नाहीत. हे सगळं एका कागदावर तारखांसकट लिही आणि आईसमोर ठेव. मुलीने पुढचा विचार केलाय, हे दिसलं की आयांचा आवाज खाली येतो.

फ्लेमिंगोंबद्दल मला काही सांगायचं नाही. बाबांबरोबर जात राहा.

फॉर्मचा कच्चा मसुदा मराठीत लिही, मग इंग्रजी कर. आधी इंग्रजीत लिहायला बसलीस तर ती ‘सौंदर्य’वाली वाक्यं परत येतील. ए-फोरचा परिच्छेद तुमच्या अल्जिब्राच्या मॅडमना वाचायला दे, युक्तिवादात कुठे फट राहिली असेल तर त्या दाखवतील. दादाला मात्र फॉर्म पाठवून झाल्यावरच दाखव. आणि निवड झाली की नाही, ते मला कळव. नाही झाली तरी कळव, पुढच्या वर्षीच्या अर्जाचं बघू.

तुझी,
ताई