सेकंडहँड स्विफ्टचं स्टेअरिंग जड लागतंय आणि गाडी डावीकडे ओढते; रॅक बदलू की टायर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. २०१४ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल दोन महिन्यांपूर्वी घेतलीत. आधीच्या मालकाने १५ इंची मॅगव्हील (अलॉयची चाकं) आणि त्यावर २०५/६५ आर १५ टायर घातले आहेत. पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड लागतं, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते आणि पुण्याजवळच्या कात्रजच्या घाटात वळणावर तरंगल्यासारखी वाटते. गॅरेजवाला म्हणतोय रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग, बदला.

रॅकला एवढ्यात हात लावू देऊ नका. आधी टायर बघा, आणि तेही खाली बसून.

कॉलेजच्या दिवसांत मी संध्याकाळी सातारा रोडला मामाच्या टायरच्या दुकानात अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, मशीनवर असायचो. ‘स्टेअरिंगमध्ये काहीतरी आहे’ म्हणून गाडी आली की मामा किल्लीसुद्धा हातात घ्यायचा नाही. गाडीभोवती फिरून चारही टायरांच्या नक्षीवरून तळहात फिरवायचा आणि बहुतेक वेळा तिथेच निदान व्हायचं. तुम्हालाही तेच करायला सांगतोय, कारण सेकंडहँड गाडीत टायर दोन कामं करतात. गाडी कशी चालणार ते ठरवतात, आणि आधीच्या मालकाच्या हातात तिचं काय झालं तेही सांगतात.

आधी तुमच्या साइझचा हिशोब करू. या मॉडेलच्या व्हीएक्सआयला कंपनीने १६५/८० आर १४ दिले होते. १६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १४ म्हणजे रिमचे इंच. साइडवॉल झाली १३२ मिमी, आणि चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिमी. तुमच्या २०५/६५ आर १५ची साइडवॉल १३३ मिमी आणि व्यास सुमारे ६४८ मिमी. म्हणजे चाक साडेचार टक्के मोठं झालं. मीटरवर ८० दिसतो तेव्हा गाडी मूळ टायरच्या मानाने साडेतीन-चार किलोमीटर जास्त वेगात असते, पिकअप थोडा मेलेला वाटतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता असते. तिथे चकाकलेला पट्टा दिसतोय का, तेवढं बघा.

रुंदी ४० मिमीने वाढली, पण साइडवॉल होती तेवढीच उंच राहिली. ‘रुंद टायर म्हणजे घाटात पकड’ असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय, पण वळणावर गाडी पटकन वळते ती साइडवॉल आखूड आणि ताठ असेल तर. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा आधी रिम वळते, मग साइडवॉल पिळवटते आणि शेवटी रस्त्याला टेकलेलं रबर वळतं. मधली साइडवॉल जितकी लवचीक, तितका उशीर. त्यात तुमच्या मॅगव्हीलची रुंदी साडेपाच इंच असेल तर २०५चा टायर तिच्यावर जेमतेम बसतो. साइडवॉल दोन्ही बाजूंनी फुगते आणि आणखी डुलते. घाटातलं तरंगणं मला तरी इथलं वाटतं. रिमच्या आतल्या बाजूला ‘५.५ जे’ किंवा ‘६ जे’ असं कोरलेलं असतं, ते वाचा.

तिथेच ‘ईटी’ आणि पुढे एक आकडा असतो, तो ऑफसेट. हा आकडा मूळ रिमपेक्षा कमी असेल तर चाक गार्डच्या बाहेर येतं. दिसायला छान दिसतं, पण चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून टायरचा मध्य लांब जातो आणि रस्त्याला स्टेअरिंगवर तरफ मिळते. एकच चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हातातून हिसका मारतं. नवले पुलाच्या उतारावर जोरात ब्रेक मारावा लागला तर असा हिसका नको असतो. सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला जिथे डांबर सुरू होतं त्या उंचवट्यावरून जातानाही रुंद टायर त्या रेषेच्या मागे जातो. तुमची गाडी तिथे ओढते का, हे मुद्दाम बघा.

जडपणाचा उलगडा तर सोपा आहे. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की रबर जागच्या जागी जमिनीवर रगडलं जातं. रबर रुंद असेल तर रगडणं जास्त, आणि हवा कमी असेल तर आणखी जास्त. स्विफ्टचं पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे ‘स्टेअरिंगचं ऑइल बदला’ असं कुणी सांगितलं तर त्या गॅरेजमधून परत या. रॅक तपासायची साधी रीत अशी: पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, इंजिन चालू ठेवा आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हवेत लोण्यासारखं फिरतंय आणि जमिनीवर टेकलं की जड होतंय, तर जडपणा रॅकमध्ये नाही, टायरमध्ये किंवा त्यातल्या कमी हवेत आहे. चाकं वर असतानाही एखाद्या ठिकाणी अडत असेल, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं विचारात घ्या. चाक वर असतानाच इंजिन बंद करून डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. खटखट लागली तर टाय रॉडचा (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) एंड किंवा रॅकचा सांधा गेलाय. वर-खाली धरून हलवल्यावर लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालवतो. म्हणून हात हलका सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. रविवारी सकाळी एखादा सपाट, मोकळा रस्ता गाठा. त्याआधी चारही टायरांत हवा मोजा, गाडी थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर मूळ साइझसाठी आहे, तरी पुढच्या दोन टायरांत सारखी हवा असणं ही किमान अट. एकात चार-पाच पाउंड कमी असले तरी गाडी त्या बाजूला जाते. पंपावरच्या गेजांचा एकमेकांशी मेळ नसतो, म्हणून एक छोटा गेज स्वतःचा घ्या.

तरीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून पुन्हा चालवा. गाडी आता उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा आहे. आतले थर किंचित तिरके बसलेले असतात आणि अलाइनमेंटने तो दोष जात नाही. डावीकडेच ओढत राहिली तर अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक किंवा वाकलेला सस्पेन्शनचा आर्म. टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका. ‘आउटसाइड’ असं लिहिलेली बाजू आत बसवलेली आहे का, तेही बघून घ्या. इतकी साधी चूक मी दुकानात कितीदा पाहिली आहे!

आणि तळहात. नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखे दाते लागले, तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. तो अलाइनमेंटमध्ये नीट होतो. फक्त एकच कड झिजली असेल तर बहुधा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. स्विफ्टमध्ये कॅम्बरला वेगळं सेटिंग नाही, म्हणजे काहीतरी वाकलेलं असण्याची आणि गाडी कधीतरी जोरात आदळलेली असण्याची शक्यता आहे. मधे झीज असेल तर हवा जास्त ठेवली होती, दोन्ही कडांना असेल तर कमी. आणि हाताला ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअप बघा.

पुढचं मी अनुभवातून सांगतोय, आणि ते तुमच्या स्टेअरिंगपेक्षाही महत्त्वाचं आहे. मी स्वतः एक जुनी स्विफ्ट एका डीलरकडून घेतली तेव्हा त्याने ‘पुढचे दोन टायर नवे टाकून दिलेत’ असं कौतुकाने सांगितलं. मागच्या दोघांची नक्षी भरपूर होती आणि काळं पॉलिश मारलेलं होतं, म्हणून मीही फार बघितलं नाही. मामाच्या दुकानात इतकी वर्षं काढून मी बघितलं नाही, हे मला अजून लागतं. जुलैमध्ये बनेश्वरहून परत येताना आम्ही जुन्या बोगद्यातून कात्रजच्या बाजूला उतरत होतो. पाऊस बारीक होता, वेग चाळीसच्या आसपास. एका उजव्या वळणावर पुढचं तोंड बरोबर वळलं आणि मागचा भाग शांतपणे बाहेर निघाला. बायकोने डॅशबोर्ड धरला. मी ब्रेकवरून पाय काढला, स्टेअरिंग थोडं उलट दिलं आणि गाडी सावरली. समोरून कुणी येत नव्हतं.

घरी आल्यावर बॅटरी घेऊन मागचे टायर बघितले. साइडवॉलवर ‘डीओटी’च्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४११ होतं, म्हणजे २०११चा चौदावा आठवडा. टायर आठ वर्षांचे झाले होते. पॉलिश कापडाने पुसल्यावर नक्षीच्या चरांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या. नखाने दाबलं तर नव्या टायरमध्ये नख रुततं, इथे दगडावर दाबल्यासारखं वाटलं. नक्षी होती, पण रबर मेलेलं होतं.

म्हणून, दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय काढता आणि ती परत येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि ओल्या घाटात फिरलेली गाडी सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं. पुढे नवे लावण्याची सवय दुकानदारांना आहे, कारण पुढचे लवकर झिजतात. तुम्ही आग्रह धरा. चरांमधल्या आडव्या उंचवट्यांपर्यंत झीज आली की १.६ मिमी उरतात आणि टायर संपला. पावसाळ्यासाठी मी नक्षी तीन मिमीच्या खाली जाऊ देत नाही.

तुमच्या गाडीसाठी माझं मत असं. मॅगव्हील आवडत असतील आणि ऑफसेट ठीक असेल, तर १८५/६५ आर १५ घ्या. याच पिढीच्या झेडएक्सआयला कंपनीनेच ही साइझ दिली होती. व्यास सुमारे ६२२ मिमी, मूळच्यापेक्षा जेमतेम दोन मिमी जास्त, आणि साइडवॉल १२० मिमी. घाटात स्टेअरिंग लगेच ऐकतं आणि पार्किंगमध्ये दम लागत नाही. रोजचं चालवणं शहरातल्या खड्ड्यांतूनच असेल तर पत्र्याच्या मूळ रिम परत आणून १६५/८० आर १४ लावा. स्टेअरिंग सर्वांत हलकं त्यावरच लागेल, वळणात मात्र थोडी सुस्ती राहील. काहीही घ्या, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्या. साइझच्या पुढचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराची पकड लगेच येत नाही.

आणि आजच डिकी उघडून स्टेपनी बघा. ती बहुधा मूळ १६५/८० आर १४ असेल, म्हणजे बाकीच्या चाकांपेक्षा २८ मिमीने लहान. रस्त्यात पुढचं चाक पंक्चर झालं तर स्टेपनी पुढे लावू नका. मागचं चांगलं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे लावा आणि हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत जा.