विजेची गाडी आत्ता घ्यावी की थांबावे, आणि विकत घ्यावी की लीजवर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रोजचे जाणे-येणे सुमारे 40 किलोमीटर, घरी गाडी उभी करायला स्वतःची जागा, जुनी पेट्रोल गाडी अजून बऱ्यापैकी चालते आहे, आणि कमी किमतीच्या विजेच्या गाड्यांपैकी एखादी आत्ताच घ्यावी, दोन वर्षे थांबावे की तोवर लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, घेऊन पाहावी, हे ठरत नाही. मी गेली आठ वर्षे विजेची गाडी चालवतो आहे. पहिली तीन वर्षे लीजची गाडी होती, आणि त्यानंतर तीन वर्षे वापरलेली जुनी गाडी विकत घेतली, ती आजही वापरात आहे. या दोन्ही अनुभवांतून माझे मत असे झाले आहे की, आपण हे दोन प्रश्न एकत्र विचारता आहात, म्हणूनच उत्तर सापडत नाही. ‘केव्हा’ हे आपली सध्याची गाडी आणि घरचा विजेचा पॉइंट ठरवतात. ‘विकत की लीज’ हे ठरते ते गाडीची किंमत पडण्याची जोखीम कोणी घ्यायची यावरून.

आधी थांबण्याविषयी. ‘थोडे थांबा, स्वस्त होतील’ हे विधान खरे आहे, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेच्या वार्षिक पाहणीत बॅटरी संचाची सरासरी किंमत 2023 साली प्रति किलोवॅट-तास (म्हणजे विजेचे एक युनिट) 139 डॉलर होती, ती 2024 मध्ये 115 डॉलरवर आली. 2010 च्या सुमारास ती हजार डॉलरहून अधिक होती. मधल्या 2022 या एका वर्षी मात्र लिथियम महागल्यामुळे ती वाढली. म्हणजे घट जवळपास दर वर्षी होते आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी थांबणाऱ्याला 2015 मध्येही थांबणे योग्य वाटले असते आणि आजही वाटेल. त्याऐवजी जुन्या गाडीचा हिशेब मांडा. पुढच्या दोन वर्षांत तिला क्लच, टायर, सस्पेन्शन असे मोठे खर्च येणार असतील, तर ते पैसे थांबण्याची किंमत म्हणून धरा. असा कोणताही खर्च दिसत नसेल, तर वर्षभर निवांत थांबण्यात काहीच गैर नाही.

सरकारी सवलत संपण्याची तारीख जाहीर झाली की पुष्कळ जण घाईने गाडी नोंदवतात. सवलती अचानक जातात हे खरे आहे: जर्मनीने खरेदी अनुदान डिसेंबर 2023 मध्ये जवळजवळ एका रात्रीत बंद केले, आणि अमेरिकेतील 7,500 डॉलरपर्यंतची करसवलत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपली. पण जर्मनीत त्यानंतर अनेक उत्पादकांनी तेवढी सूट काही काळ स्वतःच्या खिशातून दिली, हेही लक्षात ठेवा. सवलतीची तारीख हे आधीच निवडलेली गाडी थोडी लवकर घेण्याचे कारण होऊ शकते. न आवडलेली गाडी घेण्याचे ते कारण नव्हे.

चार्जिंगबाबत आपली स्थिती चांगली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. छोटी विजेची गाडी 100 किलोमीटरला साधारण 15 किलोवॅट-तास वीज घेते. आपल्या 40 किलोमीटरसाठी चार्जिंगमधील गळती धरून सुमारे 7 युनिट लागतील, आणि 10 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ते तीन-साडेतीन तासांत भरून निघते. फक्त सॉकेट आणि वायरिंग इतके तास सलग भार घेण्याजोगे आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. ज्यांना घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय नाही, त्यांना मी मात्र थांबायलाच सांगतो, कारण कायम सार्वजनिक फास्ट चार्जरवर अवलंबून राहिले की इंधनातील बचतीचा मोठा भाग तिथेच जातो.

आता लीज, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. लीजचा हप्ता म्हणजे गाडीची आजची किंमत आणि करार संपताना धरलेली किंमत यांतील फरक, भागिले महिने, अधिक व्याज. समजा गाडीची किंमत 100 भाग आहे आणि तीन वर्षांनी ती 55 भाग राहील असे कंपनीने धरले आहे. तर आपण 36 महिन्यांत 45 भाग आणि व्याज देता. प्रत्यक्षात बाजारभाव 40 वर आला, तर ते 15 भागांचे नुकसान कंपनीचे. उलट भाव 65 राहिला, तर करारात ठरलेल्या 55 भागांना गाडी विकत घेण्याचा हक्क आहे का, हे पाहावे. हक्क नसेल तर तो फायदाही कंपनीचाच. ही केवळ कागदावरची शक्यता नाही. जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरवल्या, तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव त्यांच्यामागे घसरले आणि तो फटका मालकांना बसला, लीजवाल्यांना नाही. तंत्रज्ञान आणि किमती इतक्या वेगाने बदलत असताना लीज हा किंमत पडण्याविरुद्धचा विमा आहे, आणि हप्त्यातील जादा रक्कम हा त्याचा प्रीमियम आहे, असे मी समजतो.

मात्र हा विमा सगळ्याच गोष्टींवर नसतो. माझ्या करारात वर्षाला 15,000 किलोमीटरची मर्यादा होती. दुसऱ्या वर्षी नोकरी बदलली, अंतर वाढले, आणि गाडी परत करताना प्रत्येक जादा किलोमीटरचे पैसे मोजावे लागले. शिवाय बंपरवरचा एक ओरखडा, जो मी सहज दुरुस्त करून घेऊ शकलो असतो, त्याचे बिल तपासणीनंतर मला न विचारता लावले गेले. म्हणून किलोमीटरची मर्यादा गरजेपेक्षा थोडी वरची घ्या, गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना सर्व बाजूंनी फोटो काढा, आणि मुदतीआधी करार मोडल्यास काय द्यावे लागते ते सही करण्यापूर्वी वाचा. हप्ता कमी दिसावा म्हणून सुरुवातीला मोठी रक्कम भरण्याचा आग्रह होतो, तोही टाळा. पहिल्याच वर्षी अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळतात, आणि आपण आधी भरलेली रक्कम बहुतेक वेळा परत येत नाही.

विकत घेण्याचे गणित तेव्हाच जमते, जेव्हा गाडी सात-आठ वर्षे ठेवायची तयारी असते. पहिल्या तीन वर्षांची मोठी घट एकदा सोसली की पुढची वर्षे अतिशय स्वस्त पडतात. बॅटरीची भीती आता पूर्वीइतकी बाळगण्याचे कारण नाही. 2010 साली आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये 24 किलोवॅट-तासांची बॅटरी होती, पण द्रव शीतकरण नव्हते, आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता लवकर उतरली; त्या काळची भीती अजून लोकांच्या मनात आहे. आज बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत 70 टक्के क्षमतेची हमी देतात, आणि 2022 मध्ये मंजूर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 22 मध्येही हीच किमान मर्यादा आहे. किफायती गाड्यांत आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी पुष्कळ दिसते. ती त्याच वजनात थोडी कमी ऊर्जा साठवते आणि कडाक्याच्या थंडीत सावकाश चार्ज होते, पण जास्त चार्जिंग चक्रे सहन करते आणि वारंवार पूर्ण भरल्याचा त्रास तिला कमी होतो. बराच काळ ठेवायच्या गाडीसाठी मी तीच निवडेन.

एक पर्याय आपल्या प्रश्नात नव्हता, तो म्हणजे लीजवरून परत आलेली दोन-तीन वर्षांची गाडी. पहिली घट दुसऱ्याने सोसलेली असते आणि हमीची पाच वर्षे शिल्लक असतात. बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा, आणि फास्ट चार्जिंगचा प्लग तुमच्या भागातील चार्जरना जुळतो याची खात्री करा. चाडेमो या जुन्या पद्धतीच्या फास्ट चार्जिंग प्लगची चांगली गाडी स्वस्तात मिळूनही, त्याचे चार्जर कमी होत गेल्यामुळे लांबच्या प्रवासाला अडचणीची ठरू शकते.

आपल्या जागी मी असतो तर जुनी गाडी मोठा खर्च मागेपर्यंत चालवली असती, आणि त्या दिवशी अशा परत आलेल्या गाड्यांपासून शोध सुरू केला असता. चांगली मिळाली नाही आणि पुढच्या तीन-चार वर्षांत घर किंवा नोकरी बदलण्याचा संभव असेल, तर नवी गाडी तीन वर्षांच्या लीजवर. तसे नसेल, तर एलएफपी बॅटरीची नवी गाडी विकत. आपल्या जुन्या गाडीचे मागच्या दोन वर्षांतील दुरुस्तीचे आकडे आणि वर्षाचे एकूण किलोमीटर इथे लिहिलेत, तर लीजच्या कोटेशनशी ताडून हिशेब मांडायला मी आनंदाने मदत करेन.