८० किलोमीटरची मुदत, ११० किलोमीटरवर पुणे

प्रश्न : मी सातारा शहरात राहतो. सेवानिवृत्तीनंतर गेल्या वर्षी पुण्याहून जर्मन बनावटीची एक वापरलेली सेडान घेतली. डिकीत स्टेपनी नाही, हे गाडी घरी आणल्यावर लक्षात आले. विकणाऱ्याला विचारले तेव्हा ‘याला रन-फ्लॅट टायर आहेत, स्टेपनी लागतच नाही’ असे उत्तर मिळाले. गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन बामणोलीला गेलो होतो. परतताना कासजवळ टायरच्या हवेचा दिवा लागला. उतरून पाहिले, तर एकही टायर बसलेला दिसेना, म्हणून तसाच यवतेश्वर घाट उतरून साताऱ्यात आलो. दुकानदाराने मागच्या टायरमधला खिळा काढून दाखवला, पण पंक्चर काढायला नकार दिला. या मापाचा रन-फ्लॅट साताऱ्यात मिळणार नाही, पुण्याहून मागवावा लागेल, दोन दिवस जातील आणि मागचे दोन्ही टायर बदललेले बरे, असे त्याचे म्हणणे पडले. एका खिळ्यापायी दोन टायर बदलायचे का? की चारही चाकांना साधे ट्यूबलेस टायर बसवून मोकळे व्हावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराने आपल्याला फसवलेले नाही, हे प्रथम सांगतो. पंक्चर काढण्यास त्याने दिलेला नकार योग्यच होता, आणि त्याचे कारण त्या खिळ्यात नसून कास ते सातारा या सुमारे २५ किलोमीटरच्या प्रवासात आहे.

साध्या टायरमध्ये गाडीचा भार हवा पेलते. हवा गेली की टायरची साइड दुमडते, ती रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते आणि टायर काही मिनिटांत निकामी होतो. रन-फ्लॅट टायरच्या दोन्ही साइडना आतून उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जाड थर दिलेला असतो व हवा नसताना गाडीचे वजन त्या थरावर पेलले जाते. आपल्याला टायर बसलेला दिसला नाही तो यामुळेच. अशा गाडीत टायरची हवा डोळ्यांनी किंवा लाथ मारून ओळखता येत नाही, म्हणूनच हवेचा दाब सांगणारी यंत्रणा रन-फ्लॅटबरोबर अत्यावश्यक मानली जाते. आपण दिव्यावर विश्वास न ठेवता टायरवर ठेवला, हे बहुतेक जण करतात. पण अशा गाडीत दिवाच खरा धरायचा असतो.

तो जाड थर भार पेलतो खरा, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो वाकतो आणि सरळ होतो, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि ती वाढत गेली की रबर व आतील धागे यांची पकड सुटू लागते. हवा गेल्यानंतर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरपेक्षा कमी वेगाने जास्तीत जास्त ८० किलोमीटर, ही जी मर्यादा सांगितली जाते ती याच उष्णतेमुळे. गाडीत पाच माणसे, भरलेली डिकी आणि घाटाची चढण असेल, तर ही मर्यादा आणखी कमी धरावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर अर्थात तोच पाळावा.

बिघाड आतून होतो आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही, ही यातली खरी अडचण. एका पावसाळ्यात मेव्हण्यांच्या गाडीतून चिपळूणहून कराडला येत असताना कुंभार्ली घाट चढून हेळवाकच्या पुढे आलो आणि असाच दिवा लागला. ‘टायर रन-फ्लॅट आहे, काळजी नाही’ असे म्हणत आम्ही पाटणपर्यंत आलो. बाहेरून टायर नव्यासारखा होता. पंक्चरवाल्याने तो रिमवरून उतरवला आणि उभा धरून जमिनीवर आपटला, तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी पडली, चुलीच्या काजळीसारखी बारीक. साइडच्या आतल्या अंगाला बोट फिरवले तर चहूबाजूंनी सुरकुत्यांचे कडे लागत होते. तो म्हणाला, ‘पंक्चर काढून देतो की, पण पुढं काय झालं तर माझ्याकडं यायचं न्हाई.’ ती भुकटी म्हणजे टायरचेच झिजलेले रबर होते. बिनहवेचा चाललेला टायर पुन्हा वापरू नये असे अनेक टायर कंपन्या म्हणतात ते याच कारणासाठी. काही कंपन्या ट्रेडमधले, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातले, सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र दुरुस्त करण्यास परवानगी देतात, पण तीसुद्धा टायर हवेविना चालवलेला नसेल तरच. आपला टायर २५ किलोमीटर चालला आहे. आतून तपासल्याशिवाय त्यावर कोणीही हात ठेवणार नाही, आणि तपासल्यावरही बहुधा नाहीच म्हणेल.

दोन्ही मागचे टायर बदलण्याचा सल्ला मात्र डोळे झाकून मानू नये. एका आसावरच्या दोन टायरचे माप, बनावट आणि झीज शक्य तितकी सारखी असावी, हा नियम योग्य आहे. परंतु दुसरा टायर जेमतेम वापरलेला असेल, तर त्याच कंपनीचा तसाच एक टायर घेऊन भागते. दुसरा निम्म्याहून अधिक झिजलेला असेल तर जोडी बदलावी. खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण आपल्या घाटांतल्या पावसात तितके थांबू नये असे मला वाटते.

आता मूळ प्रश्न. रन-फ्लॅटच्या विक्रीपत्रकात ८० किलोमीटर हा आकडा मोठ्या कौतुकाने दिलेला असतो, पण त्या ८० किलोमीटरच्या शेवटी त्याच मापाचा रन-फ्लॅट ठेवणारे दुकान उभे आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे १२० किलोमीटर. साताऱ्यात हवा गेली तर यांपैकी एकही शहर त्या मुदतीत येत नाही. महाबळेश्वरहून पुणे तितकेच दूर आहे, कोयनानगरची तर गोष्टच नको. स्टेपनी असती तर आपण कासला अर्ध्या तासात चाक बदलून निघाला असता आणि साताऱ्याच्या कोणत्याही पंक्चरवाल्याने तो खिळा काढून जागच्या जागी टायर दुरुस्त करून दिला असता. रन-फ्लॅटने आपल्याला घरी आणले हे खरे, पण घरी आणून दोन दिवस बसवून ठेवले.

याखेरीज हा टायर जड असतो आणि त्याची साइड ताठ असते. साध्या टायरची लवचीक साइड रस्त्याचे लहानसहान धक्के स्वतः पचवते; रन-फ्लॅट ते धक्के रिमकडे आणि तिथून आपल्या कमरेकडे पाठवतो. मेढामार्गे महाबळेश्वरला जाताना गावागावांतले गतिरोधक मोजले तर मी काय म्हणतो ते कळेल. रस्त्याच्या तुटलेल्या डांबरी कडेवर चाक आपटले तर या ताठपणामुळे रिमला तडा जाण्याचा धोका वाढतो. आणि साइडच फाटली, तर रन-फ्लॅट असूनही गाडी तिथेच उभी करावी लागते. तेव्हा डिकीत काहीही नसते.

त्याची बाजूही सांगितली पाहिजे. महामार्गावर वेगात असताना टायरची हवा एकाएकी गेली तर गाडी बरीचशी सरळ रेषेत राहते. रात्री खंबाटकी घाटात, मागून भरलेले ट्रक येत असताना, कडेला जॅक लावून बसण्याची पाळी येत नाही. वयस्कर चालकाला किंवा एकट्याने प्रवास करणाऱ्याला हा दिलासा लहान नाही. मुळात हे टायर ज्या गाड्यांत रुळले त्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या होत्या. अमेरिकेत १९९७ साली आलेल्या नव्या कॉर्व्हेटला ते कारखान्यातूनच बसवलेले होते आणि त्या गाडीत स्टेपनीला जागाच ठेवलेली नव्हती. पाहुण्यांना बामणोलीला नेणारी गाडी त्या हिशेबाने घडवलेली नसावी.

माझा सल्ला असा, की चांगले टायर आज फेकू नका, पण हा संच झिजला की साध्या ट्यूबलेसवर या. चारही एकदम बदलावेत. एका आसावर एक रन-फ्लॅट आणि एक साधा, अशी सरमिसळ कदापि करू नये. माप तेच हवे, आणि मापापुढचा भाराचा आकडा व वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नको. आपल्या टायरवर मापाजवळ आर.एफ.टी., आर.ओ.एफ., एस.एस.आर. किंवा झेड.पी. अशी काही अक्षरे असतील. निरनिराळ्या कंपन्यांची ती रन-फ्लॅटची खूण आहे, आणि नव्या टायरवर ती नको. हवेची यंत्रणा तशीच चालू ठेवावी. जुने टायर उतरवताना मात्र जपावे, कारण ताठ साइडमुळे ते साध्या यंत्रावर सहज निघत नाहीत आणि ओढाताणीत वॉल्व्हजवळचा सेन्सर तुटतो. गाडीला वॉरंटी शिल्लक असेल तर टायरचा प्रकार बदलल्याने काय होते, हे कंपनीकडून आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. बदलल्यानंतर वळणावर गाडी थोडी अधिक कललेली जाणवेल. आठवडाभरात हाताला सवय होते.

साध्या टायरवर आल्यावर स्टेपनी हवीच. ती घेताना बोल्टांची संख्या व अंतर, मधल्या भोकाचे माप, आणि चाक ब्रेकला घासत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून पाहावे. अशा अनेक गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात, आणि अलॉय चाकाचे बोल्ट लोखंडी चाकाला लांबीने चालतीलच असे नाही. जॅक आणि पाना स्वतंत्र घ्यावा लागेल. चाक डिकीत पट्ट्याने आवळून ठेवावे, अन्यथा जोराने ब्रेक मारल्यावर ते पुढे येते. सामानाची जागा कमी होईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : आम्ही नुकतीच एक छोटी नवी गाडी घेतली. टायर साधेच आहेत, तरी स्टेपनी दिलेली नाही. एक छोटा कॉम्प्रेसर आणि द्रवाची बाटली दिली आहे. हे नियमात बसते का? यावर विसंबून गावी जाता येईल का?
— एक वाचिका, कराड

उत्तर : नियमात बसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली बदल झाला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जादा चाक तयार होऊ लागले होते. गाडीतून चाक गेले तरी शब्द आपल्या तोंडी राहणार असे दिसते.)

विसंबण्याविषयी बोलायचे, तर खिळा ट्रेडमध्ये असेल आणि छिद्र ६ मिलिमीटरच्या आत असेल, तरच ते द्रव छिद्र बुजवते. खिळा उपसू नका, तो असताना द्रव भरा, हवा भरा, आणि हळू वेगाने जवळच्या दुकानात जा. साइड फाटली असेल तर बाटलीचा काही उपयोग नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती आजच पाहून घ्या. बाटली एकदाच वापरता येते. टायरमध्ये द्रव आहे हे दुकानदाराला आधी सांगा, नाहीतर तो उघडल्यावर हात भरले म्हणून आपल्यालाच बोलेल.

आपल्या भागात गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे नटबोल्ट आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर पडलेले असतात. त्यातले जाड बोल्ट या बाटलीला जुमानत नाहीत. डिकीतला गालिचा उचलून पाहा. खाली चाकाचा खड्डा असेल तर विक्रेत्याकडून स्टेपनी वेगळी विकत घेता येते का ते विचारा. मी असतो तर घेतली असती.

प्रश्न : पहाटे गाडी काढली की हवेचा दिवा लागतो, पण पंपावर हवा तपासली तर बरोबर भरते. हवा भरूनही एकदा दिवा गेला नाही. यंत्रणा बिघडली आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा नाही. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरले की टायरची हवा सुमारे १ पीएसआयने कमी होते. हिवाळ्यातल्या पहाटे ती दिव्याच्या मर्यादेखाली जाते आणि पंपापर्यंत चाक तापले की पुन्हा वर येते. म्हणून हवा नेहमी गाडी काही तास उभी असताना, टायर थंड असताना मोजावी आणि दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून दाबाचा अंदाज केला जातो. तिथे हवा भरल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते, ती न केल्यास दिवा जात नाही. रीसेट करण्याआधी चारही चाकांची हवा बरोबर आहे ना हे अवश्य पाहावे, कारण कमी हवेवर रीसेट केले तर गाडी तीच हवा योग्य धरून बसते आणि पुढे खरे पंक्चर झाले तरी दिवा उशिरा लागतो.