एका वेळी एकच नियम

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा नियमांचा कागदही वाचला. ‘कल्पना सगळ्यांना आवडली, मग तिसऱ्याच डावात भांडण का झालं?’ असं विचारलंयस. उत्तर त्या कागदावरच आहे. मूळ खेळ रॅझ, म्हणजे सात पानांचं पोकर: तीन झाकलेली, चार उघडी, आणि त्यातल्या पाच पानांचा सर्वांत लहान हात जिंकतो. त्यात तू दुर्री-ते-सत्तीची क्रमवारी आणलीस, शेवटी एक पान बदलायची मुभा दिलीस, झाकलेल्या पानांतलं सर्वांत लहान पान जोकर केलंस, आणि झाकलेलं सर्वांत मोठं इस्पिक ज्याच्याकडे, त्याला अर्धा पॉट (मध्ये जमलेले पैसे) देऊन टाकलास. चार बदल, एका रात्रीत. बिघाड कुठल्यामुळे झाला हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. एका वेळी एकच नियम बदल. हे वाक्य या पत्रात पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी येणार आहे.

क्रमवारीपासून बघू. रॅझमध्ये एक्का लहान, सिक्वेन्स (लागोपाठची पानं) आणि कलर (सगळी एकाच रंगाची) मोजतच नाहीत, म्हणून एक्का-२-३-४-५ हा सर्वोत्तम हात. तुझ्या क्रमवारीत एक्का मोठा आणि सिक्वेन्स, कलर दोन्ही मारक, म्हणून सर्वोत्तम हात २-३-४-५-७, तोही एका रंगाचा नसलेला. तीन पत्तीत मुफलीस, म्हणजे लहान हात जिंकणारा प्रकार, खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथेही याच कारणानं २-३-५ जिंकतात. तुझे मित्र तेवढ्यावर हो म्हणाले असणार. पण एक्का मोठा झाला की सुरुवातीची सक्तीची चालही हलते. सर्वांत मोठं उघडं पान ज्याचं, त्यानं ब्रिंग-इन द्यायचं असतं. रॅझमध्ये ते राजाकडे जातं, आता एक्क्याकडे जायला हवं. तुझ्या कागदावर अजून ‘राजावाल्यानं सुरुवात करावी’ असंच आहे. पहिली ठिणगी इथेच पडली असणार.

आणि बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकानं टाकायची रक्कम? तो तू जुनाच ठेवलास. जरा मोज. सुरुवातीला मिळणाऱ्या तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. रॅझमध्ये तिन्ही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा त्याखालची असलेले हात ३,५८४, म्हणजे १६.२ टक्के. एक्का बाद केलास की उरतात २,२४०, म्हणजे १०.१ टक्के. सहा जण बसले तर रॅझमध्ये डावाला सरासरी जवळजवळ एकाकडे असा हात असतो, तुझ्या खेळात दहा डावांत मिळून सहांकडे. जुन्या बुटासाठी मग भांडेल कोण? सगळे पॅक करतात, म्हणजे डाव सोडतात, आणि ब्रिंग-इनवाला बूट उचलतो. बूट दीडपट कर. एका नियमाची शेपटी किती लांब असते बघ, आणि तू चार एकदम सोडलेस!

जोकर मात्र मुळातच काढून टाक. यावर मी वाद घालणार नाही. मोठ्या हाताच्या खेळात जोकर मजा आणतो, लहान हाताच्या खेळात तो सगळ्यांना एकसारखं करून सोडतो. ढोबळ हिशेब देतो: साध्या पाच पानांत एक्का ते पंजी येण्याची शक्यता २,५३८ मध्ये एक. एक जोकर हातात धरला, तर उरलेल्या चार पानांनी तोच हात जमण्याची शक्यता २११ मध्ये एक, म्हणजे बारापट. सात पानांतून पाच निवडायची असल्यावर तर बरोबरीचे हात ढिगानं येतात. मग बरोबरी कशी सोडवायची याचा नवा नियम, मग जोकरवाला हात मोठा की बिनजोकराचा याचा आणखी एक. असे ठिगळावर ठिगळ लावलेले खेळ मी फार पाहिले. एकेका नियमात जीव होता आणि तरी खेळ मेले, कारण तो नियम कुणी एकटा खेळून पाहिलाच नाही. त्याची हळहळ मला अजून आहे.

इस्पिकाची कल्पना चांगली आहे, पण ती कुठे लावतेस त्यावर सगळं आहे. मूळ रॅझमध्ये इस्पिकाचा एक्का झाकून आला तर अर्धा पॉट त्याच क्षणी पक्का, आणि लहान हातालाही तेच उत्तम पान. एकाच पानावर दोन्ही खिसे भरतात. दुर्री-ते-सत्तीत तोच एक्का लहान हाताचं वाटोळं करतो, म्हणून तिथे खरी ओढाताण होते. मात्र अर्धा पॉट पक्का असलेला माणूस न थांबता वाढवत बसतो, तेव्हा प्रत्येक फेरीत एक चाल आणि तीन वाढी, त्यापुढे बंद. हे दोन बदल पुढे एकत्र नांदतील, कबूल. पण आधी एक, तो मुरला की दुसरा. एका वेळी एक.

पान बदलण्याकडे येतो, कारण तुझ्या कागदावरची खरी चीज तीच. आधी पानं मोज. सात भिडू, सात पानं, ४९. तीन उरतात, बदली होऊच शकत नाही. सहा भिडू, आठ पानं, ४८, होते. कॅसिनोसारखं चौथ्या ते सातव्या पानाच्या आधी एकेक पान जाळत, म्हणजे न वाटता बाजूला टाकत, असाल तर बरोबर ५२, आणि बदलीच्या आधी जाळायला एकही नाही. तेव्हा घरच्या खेळात जाळणं सोडा. पानं संपली की पॅक झालेली पिसून परत वाटू, असं तू लिहिलंयस. ते नको! रॅझमधली निम्मी अक्कल गेलेली पानं लक्षात ठेवण्यात आहे. हातात एक्का-२-४-७ आहे, अठ्ठीपर्यंतचा हात पुरा करायला तुला ३, ५, ६ किंवा ८ हवी. एकूण १६ पानं. त्यातली सहा समोर उताणी पडून पॅक झाली असतील तर उरली दहा. ती परत पिसलीस की लक्ष ठेवणारा आणि मोबाइल बघणारा एकाच पंगतीला बसले.

बदलीची किंमत एक मोठी चाल ठेव. पहिल्या दोन फेऱ्यांत लहान चाल, पुढे तिच्या दुप्पट, ती. फुकट ठेवलीस तर सगळेच बदलतात आणि निर्णय उरत नाही. सातव्या पानाची फेरी संपल्यावर, ज्याची उघडी पानं सर्वांत लहान त्यानं आधी बदलायचं. उघड्याच्या जागी उघडं, झाकलेल्याच्या जागी झाकलेलं. मग शेवटची एक फेरी. न बदलता थांबणारा काय सांगतोय, की नुसता आव आणतोय, ही या डावाची गोडी, आणि ती जोकराच्या गोंधळात बुडाली.

लोक मला चिकट म्हणतात, म्हणोत. टिकलेले प्रकार बघ: दुर्री-ते-सत्ती रॅझमध्ये फक्त क्रमवारी बदलली, वाटप तेच. रॅझडुगीत वाटप तेच, फक्त पॉट अर्धा रॅझला आणि अर्धा बडुगीला, म्हणजे चार वेगळ्या रंगांच्या चार वेगळ्या लहान पानांना. माझा हट्ट हवेतला नाही.

आता काम. टेबलावर एकटी बस, सहा जणांची पानं सगळी उताणी वाट, पैसे-बटणं काही नको. वीस डाव. कागदावर प्रत्येक डावाला चार रकाने: कुठला हात जिंकला, बरोबरी झाली का, पाचव्या पानापर्यंत राहण्यासारखे हात किती होते, शेवटी किती पानं उरली. मग एक नियम बदल आणि पुन्हा वीस. रविवारची दुपार जाईल, जाऊ दे. भिडूंसमोर नियम बूट टाकण्याआधी मोठ्यानं वाच. बूट पडल्यावर त्यात काना-मात्रा बदलायची नाही.

आठवा भिडू आला तर काय, हे तू शेवटी विचारलंयस. वाटणाऱ्यानं त्या डावात बसू नये आणि वाटप फिरतं ठेवावं. सात जणांना ४९ पुरतात. त्या रात्री बदलीचा डाव बोलू नकोस, साधं रॅझ खेळा.

तुझा
काका