महामारीच्या काळात खेड्यातील लोक शहरातील लोकांपेक्षा खरोखर सुखी आणि सुरक्षित होते का?

प्रश्नाखाली आपण लिहिले आहे की, खेड्यात मोकळी हवा होती, घरचे धान्य होते, त्यामुळे 2020 आणि 2021 ही वर्षे तिथल्या माणसांना तितकीशी जड गेली नसावीत. नेमके हेच माझा थोरला भाऊ दर दिवाळीला पुण्याहून आल्यावर आमच्या ओसरीवर बसून सांगतो, म्हणून हे उत्तर लिहायला घेतले. ही समजूत साफ चुकीची आहे. घरच्या धान्याने पोट भरते. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि मुलीची फी त्यातून भागत नाही.

आमचे गाव सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आहे आणि आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून फवारणीवर आणि मजुरीवर घातलेला सगळा पैसा आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्याच काळात परत यायचा असतो. 2020 साली आमच्या मालाचा सौदा परराज्यातील एका व्यापाऱ्याशी ठरला होता, इसारही घेतला होता, आणि पाडवा झाला की काढणी सुरू होणार होती. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि देशभरातील टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. सकाळी आईने गुढी उभारली आणि दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला, की गाडी मिळत नाही, पुढचा बाजार बंद आहे, माल तुम्ही तुमच्या जबाबदारीवर ठेवा. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. शेतीच्या कामांना दोन-तीन दिवसांत सूट मिळाली हे खरे, पण तोडलेला माल घेणारेच कोणी नसेल तर तोडण्याची परवानगी घेऊन करायचे काय?

त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यात इस्लामपुरात एकाच कुटुंबातील आणि त्यांच्या निकटच्या वीसहून अधिक जणांना लागण झाल्याची बातमी आली. गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. आमच्याकडे तोडणीला येणारी बायकांची टोळी दोन मैलांवरच्या वाडीतून यायची, तीही बंद झाली.

दादाचा सल्ला फोनवर असा होता, की घाई करू नका, पंधरा दिवसांत सगळे सुरळीत होईल आणि माल कमी राहिल्याने भाव चढेल. मी बेदाणा करायचे ठरवले. या एका निर्णयावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही, म्हणून त्यामागचे कारण इथे नीट मांडतो. द्राक्षाचे घड वेलीवर महिनाभर जास्त ठेवले तर नुसता त्या वर्षीचा माल जात नाही. एप्रिलमधील खरड छाटणी लांबते, आणि पुढच्या वर्षीचे घड ज्या काडीवर यायचे ती काडी याच छाटणीनंतर तयार होत असते. म्हणजे भावाची वाट पाहत बसणे हे दोन हंगामांवरचे जुगाराचे डाव होते, आणि डाव लावण्याइतके पैसे आमच्यापाशी उरले नव्हते.

बेदाण्यासाठी एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल घालून त्यात घड बुडवतात आणि शेडमधील जाळीवर पंधरा-सतरा दिवस वाळवतात. त्या दिवसांत दुकाने अर्धवेळ उघडत होती आणि डिपिंग ऑईल कुठेच मिळत नव्हते. बांधाशेजारच्या तात्यांनी त्यांच्याकडचा अर्धा कॅन दिला आणि पैशांचे नाव काढले नाही. तोडायला मी, माझी पत्नी, आई आणि नववीतली मुलगी एवढेच होतो. सत्तरी गाठलेले आमचे वडील, आप्पा, क्रेटवर बसून घडातील कुजके मणी कात्रीने काढत. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वर्षभराचे श्रम डोळ्यांदेखत पाव हिश्श्यावर येताना ते पाहत होते. एके दिवशी वळवाचे ढग आले, आम्ही ताडपत्र्या ओढायला धावलो, आणि आप्पा मात्र हातात कात्री धरून जागचे हलले नाहीत. माल भिजला तर काळा पडतो हे त्यांनीच मला शिकवले होते.

आपण मनःस्वास्थ्याबद्दलही विचारले आहे. माझ्या मते खेड्यातील माणसाला एकांताची सवय नसते, आणि शहरातील लोक हे विसरतात. आप्पांचे दिवसभराचे बोलणे पारावर, दूध संकलन केंद्रावर आणि तासगावच्या आठवडी बाजारात होत असे. ते सगळे एकदम थांबले. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढायला ते लहानपणापासून न चुकता जात. त्या वर्षी ते घरातच बसले, आणि संध्याकाळी जेवलेही नाहीत. याला आजार म्हणायचे हे आमच्या घरात कोणालाच सुचले नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांना स्वतःलाच लागण झाली. गावात ताप अंगावर काढणारे पुष्कळ होते, कारण तपासणी केली की उचलून नेतील ही भीती तापापेक्षा मोठी होती. आमच्या आशाताई रोज ऑक्सिमीटर घेऊन यायच्या, आणि त्या आल्या नसत्या तर आकडा 91 वर आल्याचे आम्हाला वेळेवर कळले नसते. तासगाव आणि सांगली मिळून चार ठिकाणी विचारल्यावर पाचव्या ठिकाणी खाट मिळाली. नऊ दिवसांनी ते परत आले, तेव्हा आम्ही त्यांना बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवले. तात्यांच्या घरून रोज बांधावर डबा यायचा, पण ठेवणारा माणूस हाक न मारता निघून जायचा. ज्यांनी अर्धा कॅन दिला तेच हे घर. मी त्यांना दोष देत नाही, पण आप्पा मात्र त्या हाकेची वाट पाहत असत.

इथे काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. आमच्याकडे निदान जमीन होती. ज्या टोळीतील बायकांची मजुरी बुडाली त्यांचे हाल आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त झाले. खानापूर-आटपाडीकडील जी माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत, त्यांतील जे परतले ते आपल्याच गावच्या शाळेत परक्यासारखे चौदा दिवस राहिले. पुण्यात दोन खोल्यांत चार माणसांनी दीड वर्ष काढणे सोपे होते, असेही मी म्हणणार नाही. दादाने आप्पांच्या दवाखान्याचे निम्म्याहून अधिक बिल भरले आहे. परंतु त्याचा पगार दर महिन्याला जमा होत होता, आणि ज्याचा पगार जमा होत होता त्याने ज्याचा माल वेलीवर सडत होता त्याला सुखी म्हणू नये.

आपलाही एखादा भाऊ गावी असेल, तर त्याला हवापाणी विचारण्याऐवजी त्या दोन वर्षांचा हिशेब विचारा. आमच्याकडे तो वहीत लिहिलेला आहे: शेवटची तोड 9 एप्रिल, खरड छाटणी 14 एप्रिल, आणि त्याच बागेत पुढच्या वर्षी आलेला माल, जो आम्ही थांबलो असतो तर आला नसता. वही माजघरातील फळीवर आहे. दादाने अजून ती उघडलेली नाही.