सड्यावर माती नाही, मग पावसात एवढी फुलं कुठून येतात?

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, बोटभर माती नाही, मे महिन्यात कातळावर पाय ठेववत नाही, तरी श्रावणात फुलांचा गालिचा कसा येतो आणि तिथे काय लावता येईल, असं तुम्ही विचारलंय. ह्याच विषयावर माझं आणि धाकट्या दिरांचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून लिहिते.

आमचा सडा देवगडकडचा. सुरुंगाने खड्डे पाडायचे, डंपरने माती आणायची नि हापूसची कलमं लावायची, असं भावोजींनी परस्पर ठरवून टाकलं. "वैनी, कातळार काय पिकता? सातबाऱ्यार पोटखराबा लिवलेलो आसा." पोटखराबा म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. मी त्यांना श्रावणात वर नेलं. जांभ्याच्या खळग्यांत जेमतेम पाणी आणि त्यात सीतेची आसवं नावाची निळसर-जांभळी फुलं, नजर जाईल तिथवर. एक रोप अलगद उपटून तळहातावर धरलं. खाली खसखशीएवढ्या पिशव्या लोंबत होत्या. पाण्यातला बारीक जीव पिशवीच्या तोंडावरच्या केसाला लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. पापणी लवायलासुद्धा ह्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आपल्याकडचा ३००० मिलिमीटरचा पाऊस कातळावरचं नत्र धुऊन नेतो, ते झाडाने आणायचं कुठून? म्हणून किडे खायचे. शेजारी दवबिंदू नावाच्या दुसऱ्या किडेखाऊ रोपाच्या चिकट केसांत एक मुंगी अजून पाय झाडत होती. भावोजी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरा आसा. पण ह्येचो डझन कितीक जातलो?"

सगळीच झाडं काही शिकारी नाहीत. गेंद नावाच्या रोपासारखी बरीचशी चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. उन्हाळा काढतं ते बी. दीपकाडीचा कांदा भेगेत दडून बसतो आणि पावसाच्या सुरुवातीलाच पांढरी फुलं काढतो. ट्रायपोगॉन नावाचं गवत तर वाळून पार गेल्यासारखं दिसतं, पण भिजलं की तेच पुन्हा हिरवं होतं. डबक्यांतल्या फेअरी श्रिंपची, म्हणजे इवल्या कोळंबीसारख्या जीवांची, अंडी वाळल्या गाळात पुढच्या पावसाची वाट बघतात. ह्या कुणालाच डंपरची माती नको असते. माती टाकली की खळगा बुजतो, रान माजतं आणि ही मंडळी संपतात.

शेवटी वाटणी झाली. त्यांच्या अर्ध्यात कलमं उभी आहेत, माझा अर्धा आहे तसाच आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटवीसाठी तिरडा हवा झाला की भावोजी पिशवी घेऊन माझ्याच सड्यावर येतात. पोटखराब्यात.

कलमं लावूच नका असं माझं म्हणणं नाही. आमच्या घरातही पैसा हापूसचाच येतो. शिवाय सगळे सडे सारखे नसतात. तुम्हाला लावायचंच असेल तर कडेला, जिथे मुळात माती आहे तिथे काजू लावा, करवंदीचं कुंपण घाला. मधल्या खळग्यांना हात लावू नका, सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या विहिरींना लागतं. आणि वाटणीत कुणी कातळाचा तुकडा तुमच्या गळ्यात मारू बघत असेल तर वाद घालू नका, सरळ सही करा.